ऋणमुक्त घर : गृहस्थाचे तिसरे सुख



तुमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक उचलून तुम्ही ती तेथे लावली. आता त्या तसबिरीच्या मागे एकदा हात घालून पाहा. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत तेथे हप्त्याची कार्डे, सावकाराने लिहून घेतलेल्या कागदाची नक्कल आणि दुकानदाराच्या उधारीची चिठ्ठी खोचलेली असते. पुढे धम्म आणि मागे देणे, अशी ही भिंत आहे.

आजचा पाठ त्या मागच्या कागदांविषयी आहे. "पैशाच्या गोष्टींचा धम्माशी काय संबंध?" असे काही जण विचारतील. संबंध फार जवळचा आहे. ज्याच्या दारात दर सोमवारी वसुलीवाला उभा राहतो, त्याला विहारात शांत चित्ताने बसता येत नाही. ज्या घरात नवरा बायकोपासून कर्ज लपवतो, त्या घरात खोटे बोलणार नाही हे शील रोज मोडते. म्हणून हा विषय शीलाचा आहे आणि आपल्या स्वातंत्र्याचाही आहे.

तथागतांनी गृहस्थाला काय सांगितले

बुद्धाने फक्त भिक्खूंनाच उपदेश केला असे समजू नका. कोलियांच्या नगरातला दीघजाणू नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला. आम्ही मुलाबाळांत राहणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे आहोत; आम्हाला झेपेल असे काही सांगा, असे त्याने विनवले. तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कष्ट आणि कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत, आणि आवक-जावक पाहून केलेला समतोल संसार. चौथ्या गोष्टीसाठी त्यांनी तराजूचे उदाहरण दिले. तराजू हाती धरणाऱ्याला पारडे किती वर गेले, किती खाली आले हे दिसते. तसेच गृहस्थाला आपली आवक आणि जावक दिसली पाहिजे.

अंगुत्तर निकायातल्या ऋणाविषयीच्या सुत्तात तर कर्जाची सारी साखळीच मांडली आहे. दारिद्र्य हे गृहस्थाला दुःख. दरिद्री माणूस कर्ज काढतो, ते दुःख. व्याज कबूल करतो, ते दुःख. वेळेवर दिले नाही म्हणजे तगादा लागतो, मग पाठलाग होतो, शेवटी बंधन येते. एकेक कडी मोजून पाहा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही साखळी तुमच्या वाडीवरच्या एखाद्या घराला आज जशीच्या तशी लागू पडेल.

अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. स्वकष्टाची संपत्ती असणे हे पहिले सुख. तिचा योग्य उपभोग आणि दान हे दुसरे. कोणाचे थोडे वा फार काहीच देणे नसणे हे तिसरे. पाली भाषेत त्याला 'अनण सुख' म्हणतात. निर्दोष आचरण हे चौथे आणि सर्वांत श्रेष्ठ. ऋणमुक्तीला तथागतांनी असे स्वतंत्र स्थान दिले आहे. संघात प्रवेश मागणाऱ्यालाही तू कोणाचा ऋणी नाहीस ना, हे विचारण्याची रीत विनयात आहे.

आपल्या मुलखातले जुने बंधन

कर्जाचा हा जाच आपल्या भागाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुकेही होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

त्या कायद्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऋणकोने भरलेल्या पैशाची पावती मागितली तर सावकाराने ती दिली पाहिजे, हिशेबाचा उतारा दिला पाहिजे, असे त्यात लिहिले होते. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही त्याने बंद केले. म्हणजे पावती मागण्याचा हक्क या मातीत जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. तरीही आज आपली आई-बहीण दहा महिने पैसे भरते आणि तिच्या हाती चिटोराही नसतो.

आपल्या समाजाचे बंधन तर दुहेरी होते. महारकीचे वतन म्हणजे चार पायली बलुत्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबण्याचा करार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वतन गेले, पण 'आधी उचल, मग वेठ' ही रीत दुसऱ्या नावाने मागच्या दाराने आत आली. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतले मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जातात. हंगाम संपतो, हिशेब होतो आणि पुष्कळदा उचल फिटलेली नसते. फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. अशा उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक उपासकाला माहीत असावे.

वतनी जमिनीबद्दलही एक शब्द. परत मिळालेली ही जमीन बहुतेक ठिकाणी नवीन शर्तीची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून तिचे हस्तांतर होत नाही. कोणी साध्या कागदावर किंवा स्टँपवर ती गहाण लिहून मागत असेल, तर सही वा अंगठा करू नका. आधी तलाठ्याकडे सातबारा पाहा आणि जाणत्याला विचारा.

सुभेदारांचे कर्ज

सर्वच कर्ज वाईट असते काय? नाही. त्यासाठी बाबासाहेबांच्याच घरात जाऊन पाहू.

सुभेदार रामजींना पेन्शनीवर संसार चालवावा लागे. मुंबईत राहत असताना भीमाला नवे पुस्तक हवे असे आणि घरात पैसा नसे. तेव्हा ते आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात, उसने पैसे मागत. तिच्याजवळही नसले तर तिचा दागिना मागून घेत आणि गहाण ठेवत. पेन्शन हाती आली की तो सोडवून लेकीला परत देत. ही गोष्ट तुम्ही जयंतीच्या भाषणांत ऐकली असेल. आज तिच्याकडे हिशेबाच्या नजरेने पाहा. कर्ज कशासाठी, तर पुस्तकासाठी. फेड कशातून, तर पेन्शनीतून. कधी, तर पेन्शन येईल त्या दिवशी. तिन्ही प्रश्नांची उत्तरे कर्ज काढण्याआधीच तयार होती.

बाबासाहेबांनीही कर्ज काढले. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपये पगारावर ते प्राध्यापक होते. त्या पगारातून काटकसरीने त्यांनी शिल्लक टाकली. त्यात छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये घालून ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधी शिल्लक आणि मग कर्ज, हा त्यांचा क्रम लक्षात घ्या.

सामञ्ञफल सुत्तातही असाच माणूस भेटतो. तो कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, कर्ज फिटते आणि बायकामुलांसाठी चार पैसे उरतात. तेव्हा त्याला जो आनंद होतो, त्याची उपमा तथागतांनी चित्ताच्या मुक्तीला दिली आहे.

म्हणून कोणतेही कर्ज काढण्यापूर्वी सुभेदारांचे तीन प्रश्न विचारा. कशासाठी? कशातून फेडणार? कोणत्या तारखेला? एकाचेही उत्तर आले नाही तर ते कर्ज घेऊ नये. शेळी, शिलाई मशीन, मुलीची कॉलेजची फी यांना उत्तर मिळते. लग्नातल्या डी.जे.ला आणि मानपानाच्या साड्यांना मिळत नाही.

तलावाची तोंडे

दीघजाणूला तथागतांनी आणखी एक दृष्टांत दिला. एका तलावाला पाणी येण्याची चार तोंडे आहेत आणि पाणी जाण्याची चार. येणारी बंद केली, जाणारी उघडी ठेवली आणि पाऊसही पडला नाही, तर तलावाचे काय होईल? राजेवाडीचा किंवा मायणीचा तलाव आटताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही. जाणारी चार तोंडे म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. सिगालोवाद सुत्तात यांतल्या तिन्हींबरोबर अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद आणि आळस हेही संपत्तीनाशाचे मार्ग म्हणून सांगितले आहेत.

नुसता उपदेश नको, आकडे मांडू. रोज ६० रुपयांची दारू म्हणजे वर्षाला २१,९०० रुपये. रोज २० रुपयांचा मावा-गुटखा म्हणजे ७,३००. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण उच्चारली आहे. ती पाळली तर पुण्य लाभेल की नाही हे बाजूला ठेवा. सावकाराकडचे वीस हजार तरी नक्की फिटतील. मटका, पत्ते आणि मोबाईलवरचा पैशांचा खेळ हे एकच तोंड आहे. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅपेही त्याच जातीची. ती आधी तुमच्या नातेवाइकांचे फोन नंबर काढून घेतात आणि हप्ता चुकला की त्यांनाच फोन करून तुमची अब्रू काढतात.

आपल्या समाजापुरते एक तोंड मी आणखी सांगतो, रागावू नका. आपण जत्रेचे बकरे सोडले, दहावा-तेरावा सोडला. पण लग्नाचा मांडव मोठा केला. बौद्ध पद्धतीच्या विवाहाला तसबिरी, पांढरी वस्त्रे, फुले, मेणबत्त्या आणि त्रिसरण-पंचशील यापलीकडे काय लागते? तरी गावात कमीपणा येईल या भीतीने दीड-दोन लाख कर्ज निघते आणि नवी सून घरात येते ती हप्ते भरायलाच. कर्ज काढून जयंतीची वर्गणी देऊ नका. ऐपतीप्रमाणे द्या आणि मंडळानेही ऐपत पाहूनच मागावी. बाबासाहेबांच्या नावाने कोणाचे घर कर्जात जाऊ नये.

एका घराची वही

आता प्रत्यक्ष पाटी-पेन्सिल घेऊन बसू. समजण्यासाठी एक घर धरू. नवरा गवंड्याच्या हाताखाली, बायको शेतमजुरीला, दोन मुले शाळेत. दोघांची महिन्याची कमाई सरासरी १८,००० रुपये. घरखर्च ११,८०० रुपये. देणे असे : सावकाराचे २०,००० शेकडा दहाने, गटाच्या कंपनीचे २४,००० बाकी, महिना २,४०० हप्ता, दुकानदाराचे ६,०००, मेव्हण्याचे हातउसने १५,०००. एकूण ६५,००० रुपये.

सावकाराला दरमहा २,००० व्याज जाते. दहा महिन्यांत २०,००० भरून झाले आणि मुद्दल २०,००० तसेच उभे आहे. व्याज, हप्ता आणि घरखर्च जाऊन हाती १,८०० उरतात, आणि तेही वही नसल्यामुळे कोठे जातात ते कळत नाही.

हे घर असे बाहेर पडेल :

पहिली पायरी. नवरा-बायकोने एकत्र बसून सर्व देणे एका वहीत लिहावे. कोणाचे, किती, व्याज किती, कागद कोणता. काहीही लपवू नये. हीच सर्वांत अवघड पायरी आहे.

दुसरी पायरी. नवे कर्ज बंद. दुकानात रोखीने घ्यावे, भले थोडे घ्यावे. जुन्या उधारीचे दुकानदाराशी बोलून हळूहळू द्यायचे ठरवावे.

तिसरी पायरी. ज्याचे व्याज सर्वांत जास्त ते आधी फेडावे. मेव्हण्याचे बिनव्याजी आहे. त्याला भेटून मुदत मागावी, तोंड चुकवू नये.

चौथी पायरी. बायकोच्या बचत गटातून २०,००० शेकडा दोनने मिळाले, तर ते घेऊन सावकाराचे खाते पूर्ण बंद करावे, दोन साक्षीदारांसमोर कागद परत घ्यावा. आता महिन्याचे व्याज २,००० ऐवजी पहिल्या महिन्यात ४००. पूर्वीचे व्याजाचे २,००० आणि उरणाऱ्या १,८०० पैकी १,६०० असे ३,६०० दरमहा गटाला भरले, तर सहाव्या महिन्यात हे कर्ज संपते. सावकाराकडेच राहिले असते तर त्या सहा महिन्यांत १२,००० व्याज भरून मुद्दल वीस हजारच राहिले असते.

पाचवी पायरी. १,८०० पैकी राहिलेले २०० पहिल्या महिन्यापासूनच पोस्टात टाकावेत. कर्ज फिटल्यावर बचत करू असे म्हणणाऱ्याला पहिल्या तापातच पुन्हा सावकाराकडे जावे लागते.

एक इशारा. स्वस्त कर्जाने महाग कर्ज फेडणे शहाणपणाचे. एका हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढणे हा खड्डा आहे. चौथी पायरी तेव्हाच चढा, जेव्हा जुने खाते खरोखर बंद होणार असेल.

देणाऱ्याला काय विचारावे

सावकार परवानाधारक आहे काय? महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. त्याखाली ठरलेले दर असे : शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२, इतरांना तारणावर १५ आणि विनातारणावर १८ टक्के. वर्षाला, महिन्याला नव्हे. वीस हजारांवर वर्षाला १८ टक्के म्हणजे ३,६०० रुपये. शेकडा दहाने तेच २४,००० होतात. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. गावात राहून तक्रार करणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून एकट्याने जाऊ नका. विहार समितीने, महिला मंडळाने सोबत जावे.

गटाला कर्ज देणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला असे विनातारण कर्ज देताना घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज, फी, विमा सर्व धरून पडणारा दर लिहून दिला पाहिजे आणि कर्जाचे कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावे जाहीर करणे हे सर्व मना आहे.

'फ्लॅट' व्याजाची मेखही ओळखा. १०,००० रुपये, बारा हप्ते, १२ टक्के फ्लॅट म्हटले तर १,२०० रुपये व्याज जाते. तेच १२ टक्के घटत्या शिल्लकीवर असेल तर सुमारे ६६० रुपयेच जाते. म्हणून विचारा : व्याज घटत्या बाकीवर आहे काय? आणि दुसऱ्याला जामीन राहताना, त्याने बुडवले तर मी भरू शकेन काय, हे स्वतःला विचारा. भिडेखातर केलेली सही ही मैत्री नव्हे.

चौथा हिस्सा

सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी मिळकतीचे चार हिस्से करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात घालण्यासाठी, चौथा आपत्तीसाठी राखून ठेवण्यासाठी. मजुराच्या घरात एका हिश्शात पोट भरत नाही, हे खरे. मग या शिकवणीचा भाव घ्या. राखीव भाग खर्चाच्या आधी बाजूला काढायचा, तो वीसातला एक का असेना.

मिळवलेल्याला राजा, चोर, अग्नी आणि पाणी यांपासून जपा, असे तथागतांनी दीघजाणूला सांगितले. पाण्याचे भय सांगलीकरांना समजावून सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ अशा तीन वेळा कृष्णेचे पाणी घरात शिरले. पूर्वेकडच्या तालुक्यांत १९७२ चा आणि नंतर २०१२-१३ चा दुष्काळ पडला. २०२० मध्ये साथीने सारी मजुरी बंद पाडली. या मुलखात आपत्ती ही नेहमीची पाहुणी आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तीही दुष्काळात मजुराला काम मिळाले तर तो सावकाराच्या दारी जाणार नाही, याच जाणिवेतून.

म्हणून घराची तटबंदी अशी करा. एक महिन्याचे धान्य घरात. एक महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बँकेत किंवा पोस्टात. पोस्टाचे आवर्ती खाते महिना १०० रुपयांपासून निघते. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा केंद्र सरकारच्या योजनेत बँक खात्यातून मिळतो. कमावता माणूस गेला तर दिवस काढायला तो आधार मोठा आहे. मोठे आजारपण आले तर कर्ज काढण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते विचारा. जातीचा दाखला, सातबारा, पासबुक, विम्याचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवा.

शिल्लक कोठे ठेवायची याचाही विचार हवा. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर गेला होता, म्हणून तेथल्या ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. पण हा विमा बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या किंवा भिशीतल्या पैशाला नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवू नका.

शिक्षणाचा खर्च कर्जाने करण्यापूर्वी हक्काचे मागा. धर्मांतर केल्याने सवलती गेल्या, असे अजूनही काही नवदीक्षित कुटुंबांना वाटते. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना १९६० पासून सवलती दिल्या आणि केंद्राने १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या यादीसाठी बौद्धांनाही मान्यता दिली. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरा. धंद्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

म्हसवडच्या बाया

"आम्ही अडाणी, आम्हाला हिशेब कुठला जमणार?" असे म्हणणाऱ्या भगिनींसाठी माण तालुक्यातली एक खरी गोष्ट सांगतो. म्हसवडला वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतले थोडे बँकेत टाकायचे होते. एवढ्या लहान रकमेचे खाते कोणी उघडेना. त्यातून बायकांचीच बँक काढण्याचा विचार चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने पुढे आला. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया खचल्या नाहीत. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की मुद्दल आणि दर सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब या बायांना आधीच येत होता. लिहिता येत नव्हते एवढेच. तुम्हालाही येतो. बाजारात भाजीवाल्याकडून एक रुपया तुम्ही सोडत नाही. तोच हिशेब आता वहीत उतरवायचा आहे.

पुढच्या पंधरवड्याचा अभ्यास

येत्या पौर्णिमेच्या आत एक शंभरपानी वही आणा. पहिल्या पानावर सर्व देणे लिहा. दुसऱ्या पानापासून रोजची आवक आणि जावक लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या. विहारात जमाल तेव्हा पुढील प्रश्नांवर बोला :

१. आमच्या घरातल्या प्रत्येक कर्जाला सुभेदारांच्या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत काय?

२. आमच्या तलावाचे कोणते तोंड उघडे आहे आणि ते या महिन्यात कसे बंद करू?

३. आमच्या वस्तीत शेकडा दहाने घेतलेले कर्ज कोणाकोणाचे आहे? विहाराने त्यांच्यासाठी काय करावे?

४. पुढचे लग्न कर्जाशिवाय करण्याचे आम्ही सर्वांनी मिळून ठरवू शकतो काय?

चौथ्या प्रश्नावर एका घराने एकट्याने काही केले तर लोक हसतील. दहा घरांनी मिळून ठरवले तर तीच रीत होईल. आपण धम्मही एकट्यादुकट्याने नाही, मिळून स्वीकारला होता.

शेवटचा हप्ता फिटेल त्या दिवशी तसबिरीमागची ती कार्डे काढा, 'पूर्ण फेड' असा शिक्का मारून घ्या आणि वहीत चिकटवून ठेवा. त्या संध्याकाळी मुलांना जवळ बसवून अनण सुख म्हणजे काय ते सांगा. त्यांना ते लगेच समजेल.

जयभीम.